लोला उपेंगची बंद गाडी

ती गाडी बघायला जायचं ठरलं तेव्हाच मला जावंसं वाटत नव्हतं. गाडीमुळे नव्हे, जागेमुळे. लोलो बास्यो, म्हणजे बास्यो आजोबांचं घर पार वर होतं, नारळाच्या बागा संपतात त्याच्याही पलीकडे, जिथून पुढे नुसता डोंगर. आणि डोंगर गेले काही महिने धुमसत होता. रेडिओवर रोज सांगायचे, पहिला इशारा कायम आहे. पण आमच्याकडे पहिल्या इशाऱ्याला कुणी भीक घालत नाही. डोंगर धूर सोडतो, माणसं कामाला जातात.

"म्हातारा म्हणतो, नुसती बॅटरी उतरलीय," माझा नवरा टिकोय म्हणाला. "भंगाराच्या भावात देतोय, निम्फा. भंगाराच्या!"

"नुसती बॅटरी उतरलेली गाडी भंगाराच्या भावात कुणी देत नाही."

"म्हणून तर तुला नेतोय."

माझ्या वडिलांचं रस्त्याकडेला छोटं गॅरेज होतं. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळे पाने हातात द्यायला मीच असायचे, आणि पुढे पुढे तर ते नुसते खुर्चीत बसून मला सांगायचे. टिकोयला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. त्याला बोलता येतं आणि झकास स्वयंपाक करता येतो. धक्क्याजवळ आमची खाणावळ आहे. नारळाच्या दुधातलं अळू, सुकी मासळी आणि भात. सगळं सामान तो मोटरसायकलवरून आणायचा, आणि पावसाळ्यात एकदा घसरून खांद्याचं हाड मोडून बसला. हाड जुळलं, पण तेव्हापासून दुचाकीवर ओझं नेणं बंद. गाडी हवीच होती.

तर आम्ही निघालो. उसनी बॅटरी, कॅनभर ताजं पेट्रोल, वडिलांच्या पान्यांची पिशवी, आणि शेजारच्या दोदोंगची तीनचाकी. त्याने आम्हाला अंगणात सोडलं, डोंगराकडे एकदा बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "उन्हं कलली की येतो न्यायला. त्याआधी गाडी चालू झाली तर फोन करा, माझी खेप वाचेल."

लोलो बास्यो दारातच उभा होता. उंच माणूस, पण कंबरेतून वाकलेला. उजव्या खुब्याचं काहीतरी होतं, काठीशिवाय पाऊल उचलत नव्हतं. त्याची बायको, लोला उपेंग, म्हणजे उपेंग आजी, मागे चुलीशी होती. एवढीशी बाई, अंगात पुरुषी शर्ट, बाह्या दुमडलेल्या. तिने आल्याचं गरम पाणी आणि उकडलेली रताळी आणून ठेवली, पण आमच्याकडे बघितलं नाही.

गाडी घराला लागून पत्र्याच्या छपराखाली होती. तांदळाच्या पोत्यांची शिवलेली गोधडी तिच्यावर घातली होती. लोलोने ती काठीने ओढली आणि मी चकित झाले. पांढरी, जुनी, चौकोनी तोंडाची गाडी, पण अंगावर धूळ नाही. टायरमध्ये हवा होती. बंद पडलेल्या गाडीच्या टायरमध्ये हवा कोण भरतं?

"मुलाची आहे," लोलो म्हणाला. "एल्मरची. मनिलात टॅक्सी चालवायचा. तीच टॅक्सी म्हातारी झाल्यावर विकत घेतली, रंगवली आणि इथे आणली. मग गेला जहाजावर. जहाज बुडालं."

"बुडालं असं ती कंपनी म्हणते," चुलीपाशी लोला म्हणाली.

लोलोने तिकडे दुर्लक्ष केलं. "कितीजण आले, बघून गेले. कुणी म्हणालं इंजिन जाम झालंय, कुणी म्हणालं मेंदू जळालाय. गाडीला मेंदू असतो हे मला तेव्हा कळलं. तू बघ, पोरी. मला ही दारातून हललेली बघायचीय, बस."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर हिरवट बुरशी चढली होती. लोलाकडून उकळतं पाणी मागून ती धुतली, चाकूने खरवडली आणि आमची बॅटरी बसवली. टिकोय सीटवर बसला. त्याने किल्ली फिरवली, सेल्फ मारला. इंजिन जोरात फिरलं. घर्र, घर्र, घर्र. पण पेटलं नाही.

"झाली की चालू!" टिकोय ओरडला.

"फिरतंय. चालू नाही झालेलं. थांब आता, बॅटरी संपवशील."

फिरतंय म्हणजे जाम नाही, एवढं कळलं. वडील म्हणायचे, इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. तिन्ही वेळेवर मिळालं तर ते कुणाच्या बापाला थांबत नाही. मी एक प्लग काढला, वायरला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि टिकोयला सेल्फ मारायला सांगितलं. निळी ठिणगी. टक, टक, टक, अगदी तालात. म्हणजे ठिणगी सोडायला लावणारा तो मेंदूही जळलेला नव्हता.

तेवढ्यात घरातली भांडी वाजली.

फार नाही. फळीवरच्या ताटल्या एकमेकींना लागल्यासारख्या. माझ्या हातातला प्लग तसाच राहिला.

"डोंगराला भूक लागली वाटतं," टिकोय म्हणाला. "लोला, त्याला दोन रताळी द्या."

लोला पहिल्यांदाच त्याच्याकडे वळली. "त्याला हसू नको," ती म्हणाली, आणि पुन्हा चुलीकडे गेली.

मी टिकोयला हळूच म्हटलं, "दोदोंगला आत्ताच बोलाव. गाडी मरू दे."

"अगं, रोजचंच आहे ते. लोलो, रोज होतं ना असं?"

"आठवड्यातून दोनदा," लोलो म्हणाला. पण तोही माथ्याकडे बघत होता. माथा ढगात होता, काही दिसत नव्हतं. अंगणातला कुत्रा खुंट्याभोवती गोल गोल फिरत होता, आणि बागेतून एकाही पाखराचा आवाज येत नव्हता. वाऱ्याला जळलेल्या काडेपेटीचा वास होता. मी म्हटलं, लवकर आटपू. भीती वाटली की माझे हात जास्त भराभर चालतात. वडिलांना ते आवडायचं नाही.

आता राहिलं पेट्रोल. टाकीत ताजं ओतलं. किल्ली अर्धी फिरवली की मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. मी सीटला कान लावला. काही नाही. फ्यूज बघितले, सगळे शाबूत. पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट जोडणारी काळी चौकोनी डबी, काढली. हॉर्नचा रिले तसाच असतो, तो तिच्या जागी लावून बघितला. तरी नाही. मग मागची सीट उचलली. वडिलांचा छोटा दिवा माझ्या पिशवीत असतो, दोन वायरी लावलेला. करंट असला की पेटतो. पंपाच्या जोडणीला लावला. पेटला नाही.

पुढे करंट होता, मागे पोचत नव्हता. म्हणजे मधे कुठेतरी तुटला होता. उंदराने वायर कुरतडली असेल असं माझ्या मनात आलं.

मी हे लोलोला सांगत होते. लोला कधी येऊन मागे उभी राहिली कळलं नाही. "तुटला असेल तर सोड," ती म्हणाली. "कशाला हात काळे करतेस?"

"सापडेल, लोला. तासाभराचं काम आहे."

तिने शर्टाच्या टोकाने गाडीच्या काचेवरचा माझ्या बोटांचा डाग पुसला आणि गेली.

मग ते झालं. आवाज मोठा होता असं लोक नंतर सांगायचे, पण मला आधी आवाज आलाच नाही. आधी कानात दडा बसला, पाण्यात बुडी मारल्यासारखा. छपराचा पत्रा थरथरला. मग वरून गडगडाट आला, दगडांनी भरलेला ट्रक कुणीतरी रिता करावा आणि तो रिताच होत राहावा तसा. ढग फाटला आणि त्यातून राखाडी, गाठीगाठींचं काहीतरी वर चढू लागलं. घाईने नाही. वळत, फुगत, स्वतःच्याच अंगावर चढत. मी इतकं मोठं काही कधी बघितलं नव्हतं. त्याला अंतच दिसेना.

"येशू, मारिया," लोलो म्हणाला आणि त्याची काठी खाली पडली.

खालच्या वस्तीतून चर्चच्या घंटेचा आवाज आला. मग कर्ण्यावरून कुणीतरी ओरडत होतं, शब्द कळत नव्हते. टिकोयने दोदोंगला फोन लावला. मी जवळच होते, मला सगळं ऐकू आलं.

"टिकोय, देवाशपथ सांगतो, मी नाही येत. सगळा रस्ता उतरणाऱ्यांनी भरलाय. माझी पोरं आहेत रे—"

"दोदोंग, म्हातारी माणसं आहेत इथे!"

"मला माफ कर," दोदोंग म्हणाला आणि फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

टिकोयच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू पुसलं गेलं होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा तो चेहरा मी बघितला नव्हता. तो म्हणाला, "चालत जाऊ. मी लोलोला पाठीवर घेतो."

"मोडक्या खांद्यावर?"

"मग काय करू? सांग ना!"

"तुम्ही दोघं जा," लोलो म्हणाला. "पोरांनो, जा. आम्ही घरात बसतो. पत्रा आहे वर."

"पत्रा राखेने खाली येतो, लोलो," मी म्हणाले. माझी आजी अशाच पत्र्याखाली गेली, हे मी बोलले नाही.

राख पडायला लागली. आधी पिठासारखी, मऊ, काही आवाज नसलेली. मग वाळूसारखी, पत्र्यावर सरसर वाजणारी. दुपार होती, पण बघता बघता संधिप्रकाश झाला आणि मग तोही गेला. टिकोयने टॉर्च लावला, तर उजेड हातभर पुढे जाऊन संपत होता. तोंडात खडी आल्यासारखं लागत होतं. लोलाने पंचे भिजवून आणले, आम्ही ते नाकातोंडाला बांधले. ती एकटीच धीराची वाटत होती. पायरीवर बसून जपमाळ ओढत होती, जणू कुणाची वाट बघत असावी.

मला पळायचं होतं. पाय आपोआप फाटकाकडे वळत होते. पण वळून कुठे जाणार? फाटकच दिसत नव्हतं.

"गाडी," मी म्हणाले. "टिकोय, टॉर्च धर. लोलो, घरात विजेची लांब वायर आहे का? बॅटरीवरून थेट मागे नेते."

"गोठ्यात दिव्याची आहे," लोलो म्हणाला आणि भिंत चाचपत निघाला.

"थांबा, तुम्ही नका जाऊ!" टिकोय त्याच्यामागे धावला. टॉर्च त्याने सीटवर टाकला.

मी पुढच्या सीटसमोर उताणी झाले आणि डॅशबोर्डच्या पोटात बघू लागले. ती तुटलेली जागा इथेच सापडली तर वायर लागणारच नव्हती. तेव्हा ती दिसली. एक लाल वायर, बाकीच्यांपेक्षा जाड, काळ्या चिकटपट्टीने जोडलेली. कारखान्यातली नव्हे. कुणीतरी हाताने ओढलेली, आणि नीट ओढलेली. मी बोटांनी तिचा माग घेत गेले. ती चटईखाली शिरत होती. मी चटई उपटायला लागले. ती निघेना. नखं मोडली. वर पत्र्यावर काहीतरी मोठं आदळलं, टण्ण, आणि मी किंचाळले.

तेवढ्यात माझ्या मनगटावर एक हात आला. सुकलेला, हलका हात.

"तिथे नाही," लोला उपेंग म्हणाली. "चटई फाडू नकोस."

तिने वाकून डॅशबोर्डमधला ॲशट्रे ओढून बाहेर काढला. त्याच्या मागे, खोल, एक छोटं बटण होतं. तिने ते दाबलं.

मागच्या सीटखालून गुणगुण सुरू झाली.

मी तशीच पडून तिच्याकडे बघत राहिले. किल्ली तिने कधी फिरवली तेही मला कळलं नव्हतं.

"एल्मरने बसवलं," ती म्हणाली. "मनिलात टॅक्स्या चोरीला जातात. हे बटण फक्त मला दाखवलं. म्हणाला, नाय, मी येईपर्यंत कुणाला नेऊ देऊ नकोस." आई म्हणायचं तर आमच्याकडे नायच म्हणतात.

"आणि इतके लोक येऊन गेले…"

"दर वेळी मी चूल फुंकत बसले," लोला म्हणाली.

गाडीच्या दाराशी टॉर्चशिवाय लोलो उभा होता, टिकोयच्या खांद्याला धरून, दुसऱ्या हातात वायरचं भेंडोळं. त्याने ऐकलं होतं. "उपेंग," तो म्हणाला. "मला वेड्यात काढलंस तू. मी मेकॅनिकांना जेवायला घालत होतो!"

"तुला ती नजरेसमोरून घालवायची होती," ती म्हणाली. "मला नव्हती घालवायची. विचारलंस कधी?"

"नंतर भांडा!" टिकोय ओरडला. "देवा, नंतर भांडा ना, आपण जगलो तर!"

मी सेल्फ मारला. घर्र, घर्र. इंजिन खोकलं. काळा धूर, एक झटका, आणि थांबलं. पुन्हा मारला. मी स्टिअरिंगशी बोलत होते, काय बोलत होते आठवत नाही, विनवण्या असाव्यात. चौथ्या-पाचव्या खेपेला ते पेटलं आणि भरभरून गुरगुरलं. मी रडायला लागले. पायाने ॲक्सिलरेटर धरून ठेवला होता, सोडायचा धीर होत नव्हता.

लोलोला मागे बसवलं. कुत्रा सोडला तर तो लोलोच्याही आधी आत. गोठ्यात बांधलेलं डुक्कर सोडून दिलं, कुठे गेलं कळलं नाही. लोला येईना. ती छपराच्या खांबाला धरून उभी होती.

"तो आला आणि घर रिकामं दिसलं तर?"

लोलोने खिडकीतून हात बाहेर काढला. इतका वेळ रागावलेला माणूस, पण आवाज अगदी खाली आला. "उपेंग, त्याला खालचा रस्ता माहीत आहे. ये."

ती आली. पुढे, माझ्या शेजारी बसली.

तो उतार मला आजही स्वप्नात दिसतो. हेडलाइट लावले तर समोर राखेची भिंत उजळली, रस्ता नाहीच. मी वायपर फिरवला आणि ती आणखी मोठी चूक झाली. ओल्या राखेचा गिलावा काचेवर बसला. पुसायला पाणी ओतलं तर आणखी घट्ट झाला. शेवटी टिकोय खाली उतरला. डोक्यावर ॲल्युमिनियमचा टोप उलटा घातला, लोलाच्याच चुलीवरचा, आणि हातात टॉर्च घेऊन गाडीच्या पुढे चालायला लागला. एक हात बॉनेटवर. मी खिडकीतून डोकं काढून त्या टोपाकडे बघत चालवत होते. डावीकडे कडा, उजवीकडे घळ. त्या घळीतून डोंगराचा चिखल उतरतो हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी उजवीकडे बघत नव्हतं.

"डावीकडे! अजून! बास!" टिकोयचा आवाज पंच्यातून यायचा. मग टोपावर खडा आदळायचा आणि तो शिवी द्यायचा. शिवी ऐकली की मला बरं वाटायचं. तो गप्प झाला की मी ओरडायचे, "टिकोय!" आणि तो म्हणायचा, "आहे, आहे!"

मोठ्या वळणावर इंजिन गुदमरलं. आधी जोर गेला, मग धडधड झाली, आणि बंद. हेडलाइटही मंदावले.

त्या शांततेत राखेची सरसर ऐकू आली. आणि त्याखाली, घळीतून, काहीतरी घासत येत असल्याचा आवाज. लांब होता का जवळ, कळत नव्हतं.

"काय झालं? काय झालं?" टिकोय बॉनेटवर थापा मारत होता.

"पेट्रोल संपलं?" लोलो मागून.

"नाही." मी डोळे मिटले. पेट्रोल होतं, पंप गुणगुणत होता. ठिणगी होती. राहिली हवा. मी स्वतःला म्हणाले, हवा, निम्फा, हवा. बॉनेट उघडून चाचपत एअर फिल्टरच्या डब्याच्या चिमट्या काढल्या. एक चिमटी निघेना, ती दाताने ओढली. फिल्टर राखेने लिंपला होता, सिमेंटच्या पाटीसारखा. तो बंपरवर आपटला, पुन्हा आपटला. लोला उतरून माझ्याशेजारी आली होती. टिकोयच्या हातून टॉर्च घेऊन तिने तो इंजिनावर धरला आणि दुसऱ्या हाताने आपला शर्ट काढला. आत साधी बंडी होती. शर्ट तिने माझ्या हातात कोंबला.

"हा बांध त्याच्या तोंडाला. जाड कापड आहे. हवा जाईल, राख नाही."

तो शर्ट कुणाचा होता हे विचारायची गरज नव्हती. मी तो डब्याच्या तोंडाला गुंडाळून गाठ मारली. टिकोय सीटवर बसला, सेल्फ मारला. बॅटरी आता रडत फिरत होती. घ…र्र. घ…र्र.

"बंद कर! थांब!" मी म्हणाले. "उतार आहे. दुसऱ्या गिअरमध्ये टाक, क्लच दाबून धर. मी ढकलते."

मी आणि लोला, दोघी मागून ढकलत होतो. सत्तरीची ती बाई, राखेत पाय रोवून. लोलो आतून ओरडत होता, "मी उतरतो, मी उतरतो," आणि कुत्रा भुंकत होता. गाडी हलली. सरकली. वेग आला. "सोड!" मी किंचाळले. टिकोयने क्लच सोडला, गाडीने उडी मारली, मागून धूर सुटला आणि इंजिन पेटलं. ती पुढे निघून गेली, आम्ही दोघी अंधारात. मी लोलाचा हात धरला आणि त्या लाल दिव्यामागे धावलो. मला वाटलं, टिकोयला ब्रेक सापडणारच नाही. त्याने कधी गाडी चालवली होती?

सापडला. कड्याला बंपर घासून सापडला.

खालच्या शाळेत पोचलो तेव्हा राख कमी झाली होती. लोक आमच्याकडे बघत होते आणि आम्हाला ओळखत नव्हते, इतके आम्ही एका रंगाचे झालो होतो. दोदोंग तिथे होता. तो टिकोयसमोर येऊन उभा राहिला, मग त्याने बादलीभर पाणी आणून त्याच्या पायांशी ठेवलं. टिकोयने त्याच पाण्याने आधी लोलोचे पाय धुतले.

आम्ही वळण सोडल्यावर घळीतून चिखल उतरला आणि रस्त्याचा एक तुकडा घेऊन गेला, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

शाळेत आठवडे गेले. लोलो-लोला एका वर्गखोलीत, चार कुटुंबांसोबत. आम्ही रोज खाणावळीतून जेवण नेत होतो, त्याच गाडीतून. एके दिवशी टिकोयने विषय काढला. "लोलो, गाडीचं बोलायचं होतं. तुम्ही जो भाव म्हणाला होतात…"

"तो बंद गाडीचा भाव होता," मधेच लोला म्हणाली.

"म्हणजे?" टिकोयने विचारलं.

"आता ती चालते," लोला म्हणाली. "तीन मैल राखेतून चालली. भंगाराच्या भावात कशी मिळेल?"

"अहो लोला, बंपर घासलाय!"

"कुणी घासला?"

लोलो हसायला लागला. खोलीतले बाकीचे लोकही. शेवटी पहिल्या भावापेक्षा थोडं जास्त, असं ठरलं. मी हो म्हणाले. लोलाने पैसे न मोजता झग्याच्या खिशात ठेवले, मग बाहेर जाऊन गाडीच्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून थोडा वेळ बसली. मी लांब उभी राहिले. उतरली तेव्हा म्हणाली, "ब्रेक करकरतात. बघून घे." आणि आत गेली.

इशारा उतरल्यावर त्यांना घर बघायला वर न्यायची पाळी आली. टिकोयला ताप होता, म्हणून मी एकटीच त्यांना घेऊन निघाले. रस्ता नव्याने कापला होता. ऊन पडलं होतं, माथा स्वच्छ होता, एक पांढरी धुराची रेघ सोडली तर. तरी मोठ्या वळणावर माझ्या तळव्यांना इतका घाम आला की स्टिअरिंग निसटायला लागलं. लोलोने मागून विचारलं, "ठीक आहेस ना, पोरी?" मी मान हलवली.

घराची मागची बाजू उभी होती. गाडीचं छप्पर जमिनीला टेकलं होतं, पत्रा मधोमध चेपून. लोला त्याच्याकडे बघत क्षणभर थांबली आणि मग वळून चुलीपाशी गेली. राखेतून तिने एक ताटली काढली, फुंकर मारली, दुसरी काढली. लोलो काठीने कुंपणाचे खांब ठोकून बघत होता, कुठला कामाचा आहे, कुठला नाही.

मी गाडीतच बसून होते. इंजिन चालू.

"अगं, बंद कर की ते," लोलो ओरडला. "पेट्रोल जळतंय!"

"जळू दे, लोलो."

"आम्हाला दुपार होईल इथे."

"होऊ दे," मी म्हणाले. किल्लीवर हात होता माझा, पण ती फिरवायचा धीर झाला नाही. गाडीचं तोंड मी येतानाच उताराकडे करून ठेवलं होतं.